मापातले मामा

सकाळी उठल्यावर कुणी तळहात बघतो, कुणी देवाला हात जोडतो, हल्ली बरेचजण मोबाईल बघतात. आमचे निपाणीचे मामा घोडीचा पाय धरतात. चूळ भरायच्या आधी, चहाच्या तर कितीतरी आधी. घराला लागून पत्र्याची एक शेड आहे, तिला मामा ‘पागा’ म्हणतात. तिथं जाऊन गुडघ्यावर बसायचं, पुढच्या डाव्या खुरावर उलटा हात ठेवायचा, मग उजव्या. गरम लागतंय का? मग खुराच्या थोडं वर, पायाच्या मागच्या अंगाला दोन बोटं दाबून डोळे मिटायचे. तिथं एक शीर असते. घोडं धड असेल तर तिचा ठोका इतका मंद असतो की चाचपडत बसावं लागतं. तो ठणठण उडायला लागला की समजायचं, खुरात काहीतरी शिजतंय.

रोज हे बघून बघून मामी एकदा म्हणाली, “मला चार दिस ताप हुता, तवा माझी नाडी न्हाई कुणी बघितली.”

“तुला काय खूर हाय?” मामा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते.

असे मामा सीमाभागात गल्लोगल्ली सापडतात. कुणाचा मामा शर्यतीच्या बैलांपायी वाया गेलेला असतो, कुणाचा कबुतरांपायी, कुणाचा कारवानी कुत्र्यांपायी. मुलगा कितवीत आहे ते त्यांना बायकोला विचारावं लागतं. जनावरानं काल रात्री किती खाल्लं ते मात्र किलोच्या भाषेत तोंडपाठ. आमच्या मामांची तऱ्हा एवढीच, की बाकीचे मामा जनावराला चारण्यासाठी प्रसिद्ध असतात आणि आमचे न चारण्यासाठी.

मुळात ते तसे नव्हते. मामांचे वडील बेळगावात टांगा चालवायचे, स्टेशनवरून कॅम्पात नाहीतर शहापुरात. घोड्याची बरगडी दिसली म्हणजे मालकाची अब्रू दिसली, हे त्यांचं शास्त्र. मामा निपाणीला आले, तंबाखूच्या वखारीत लागले आणि नोकरी संपल्यावर त्यांनी वरातीसाठी घोडी घेतली. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांकडून घेतलेली, अंगानं आटोपशीर, पांढरी, भीमथडी रक्ताची. त्या तट्टांची आता स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंद झाली आहे. पिढ्यान्‌पिढ्या माळावरच्या वाळक्या गवतावर जगलेली, दिवसाला कोसच्या कोस चालणारी ही जात. तिला मामांनी शेडमध्ये उभी केली आणि वडिलांचं शास्त्र लागू केलं. सकाळी भिजवलेला हरभरा, वर गूळ. दुपारी मक्याचा भरडा. संध्याकाळी उसाचं वाडं. आमच्या भागात हंगामात वाड्याला काय तोटा? आणि गूळ तर काय, पाव्हण्याला पाण्याबरोबर देतात, घोडीला का नको? शिवाय वरातीत नवरदेवाच्या करवल्या परातीतून डाळ-गूळ आणायच्या, तो वेगळा.

घोडी दिसायला लागली देखणी. मान जाड, पाठ रुंद, अंगावर तेल चोपडल्यागत चकाकी. लोक म्हणायचे, घोडी बघावी तर मामांची. मामा वरून “देवाची किरपा” म्हणायचे आणि आतून दुसऱ्या दिवशीच्या हरभऱ्यात एक मूठ वाढवायचे.

मग एका लग्नसराईच्या शेवटी घोडी सकाळी जागची हलेना. पुढचे दोन्ही पाय लांब पुढं टाकलेले, सगळा भार मागं घेतलेला. वळवायला गेलं की कण्हायची. शेजारच्या आक्कांनी मिरच्या-मीठ ओवाळून टाकलं. कुणी म्हणालं पोटात धरलंय, कुणी म्हणालं नालबंदानं खिळा आत मारला. दुपारी गुरांचे डॉक्टर आले. हे डॉक्टर मराठीत सुरू होतात आणि रागावले की कन्नडात जातात. त्यांनी खुराला हात लावला, शीर दाबली, मानेवरची चरबी चिमटीत धरली, कोपऱ्यातल्या गुळाच्या ढेपेकडे बघितलं आणि थेट कन्नडात गेले, “मामा, बेल्ल बेडा! साकु!” म्हणजे गूळ नको, पुरे.

दुखण्याचं नाव त्यांनी सांगितलं लॅमिनायटिस. मामांच्या तोंडात ते ‘ल्यामिनाटी’ झालं आणि महिनाभरात नुसतं ‘नाटी’. “नाटी परत यायला नको,” असं ते म्हणतात, तेव्हा नवख्या माणसाला वाटतं, घरातल्या कुठल्यातरी भांडखोर पाव्हणीविषयी बोलतायत.

नाटी काय करते ते मामा कुणालाही धरून सांगतात, तुम्हालाही सांगतील, म्हणून मीच थोडक्यात सांगून टाकतो. घोड्याच्या खुराच्या भिंतीला आतून मांसाच्या पातळ पातळ पापुद्र्यांनी धरून ठेवलेलं एक हाड असतं. सगळं घोडं त्या चार हाडांवर, म्हणजे त्या पापुद्र्यांवर उभं. आपल्या नखाखालचं मांस सुजावं आणि त्याच नखांवर उभं राहून वरात काढावी, तसं ते दुखणं. फार झालं तर पापुद्रे सुटतात आणि हाड खुरात फिरतं, खाली उतरतं. मग त्या घोड्याचं काही खरं नसतं. आणि हे सगळं खुरात होत असलं तरी सुरू होतं दावणीत. घोड्याचं जठर अंगाच्या मानानं लहान, त्याला उलटी करता येत नाही. धान्य जास्त झालं की ते नीट न पचता पुढं मोठ्या आतड्यात जातं, तिथं आंबतं आणि त्याचा दाह खुरापर्यंत पोचतो. त्यातून घोडं लठ्ठ आणि बसून खाणारं असलं तर गोड खाण्यानं त्याच्या रक्तात इन्शुलिन चढतं आणि ते चढलेलं इन्शुलिनच पापुद्र्यांचा घात करतं. भीमथडीसारख्या काटक, कमी खाऊन जगणाऱ्या तट्टांना याची भीती जास्त. उपासमारीत तगायला शिकलेल्या देहाला सुबत्ता सोसत नाही.

हे दुखणं जुनंच आहे. ग्रीसमधल्या ॲरिस्टॉटलनं सव्वादोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी घोड्याला जव जास्त खाऊन होणाऱ्या आजाराविषयी लिहून ठेवलंय. मी ते मामांना सांगितलं. मामा बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “म्हंजे त्येंच्यातबी मामा हुते म्हणायचं.”

पहिले दोन-तीन दिवस मामांनी घोडीचे पाय मासळी बाजारातून आणलेल्या बर्फात ठेवले. खाली वाळूचा जाड थर, डॉक्टरांच्या औषधाच्या वेळा, रात्रभर जागरण. घोडी उभी राहिली. मग डॉक्टरांनी खरी शिक्षा सुनावली. धान्य बंद. गूळ बंद. वाडं बंद, कोवळा मका बंद. उत्साही मामा म्हणाले, “मग आठ दिस कडक उपासच घालतो तिला.” डॉक्टर पुन्हा कन्नडात गेले. लठ्ठ तट्टाला एकदम उपाशी ठेवलं तर अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृतात भरते आणि जनावर त्यानं दगावतं. म्हणजे पोटभर चारायचं नाही आणि उपाशीही ठेवायचं नाही.

“मग काय करायचं, फोटू दाखवायचा?” मामांनी विचारलं.

“मापात द्यायचं,” डॉक्टर म्हणाले.

तो शब्द मामांना लागला तो लागलाच. मूठभर जास्त घालणारा माणूस एका रात्रीत ग्रॅमवर आला. अशी माणसं मधे कुठं थांबत नाहीत. वखारीतला एक जुना ताणकाटा त्यांनी चिंचेच्या फांदीला टांगला. घोडीचं वजन कळल्याशिवाय चाऱ्याचं माप ठरत नाही आणि घोडी काट्याला टांगता येत नाही. त्यावर डॉक्टरांनी हिशेब शिकवला: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याला त्यानंच गुणा, त्याला अंगाच्या लांबीनं गुणा आणि 11,880 नं भागा, येईल ते साधारण किलो. समोरच्या टेलरकडून टेप आली. घेर 150, लांबी 135. नातीनं भिंतीवर खडूनं गुणाकार मांडला, उत्तर आलं 256. मामांनी तो आकडा पुसू दिला नाही. दिवाळीला भिंतीला रंग दिला तेव्हा रंगाऱ्यानं आकड्याच्या कडेकडेनं कुंचला फिरवला.

गंमत अशी की टेलरची टेप असते बरोबर 150 सेंटिमीटरची. त्यामुळं मामांचं काम सोपं झालं. टेपची दोन टोकं नीट जुळली म्हणजे घोडी मापात. टोकांत फट राहिली म्हणजे चढली. टोकावर टोक आलं म्हणजे उतरली. दर रविवारी सकाळी हा विधी होतो आणि त्याचा निकाल लागेपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. एका रविवारी टेलरची टेप ताणलेली निघाली, तर मामा त्याच्या दुकानात जाऊन “अवो, तुमच्या टेपंमुळं गावभर लोक ढिल्या कपड्यात हिंडाय लागल्यात” असं ओरडून आले. आता टेप नवी आहे आणि मामांच्या देव्हाऱ्याशेजारी असते.

256 किलोच्या घोडीला वजन टिकवायचं असेल तर दिवसाला साधारण पाच किलो वाळका चारा लागतो, अंगाच्या शंभराव्या हिश्श्याच्या दुप्पट. उतरवायचं असलं तरी पावणेचारच्या खाली जायचं नाही. मामांचा चारा म्हणजे माळावरचं कापून वाळवलेलं गवत. ते आणलेल्या माणसाला मामा बसू देत नाहीत, आधी पेंढीत नाक घालतात. तीस-पस्तीस वर्षं तंबाखूच्या पानाचा वास आणि दमटपणा पारखलेलं नाक ते. बुरशी त्यांना बांधावरून कळते. मग ताणकाटा. मग गवत पिपात भिजत घालायचं, अर्धा-पाऊण तास. भिजवल्यानं गवतातली साखर पाण्यात उतरते. आमच्याकडच्या उन्हात जास्त वेळ ठेवलं तर ते आंबतं, म्हणून मामा पिपाशेजारी घड्याळ घेऊन बसतात. ते पाणी ओतून द्यायचं, गवत निथळायचं, पाण्याबरोबर क्षारही जातात म्हणून वरून मीठ आणि खनिजांची पूड. वजन कायम सुक्याचं करायचं, ओल्याचं नाही. एकदा मामेभावानं भिजलेलं गवत जोखून पाच किलो घातलं. घोडी अर्धपोटी राहिली. मामा त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत; तिसऱ्या दिवशी बोलले ते असं: “तुझ्या ताटात आता पातळ आमटी जोखून वाढायला सांगतो.”

हे पाच किलो एकदम द्यायचे नाहीत. पाच वेळा द्यायचे, शेवटचं रात्री अकराला. पुन्हा घोडीनं ते हावरटासारखं संपवू नये म्हणून मामांनी धनगरांकडून मेंढरं कोंडायची जुनी वाघर मिळवली, दुहेरी केली आणि तिचं जाळं शेडमध्ये टांगलं. बारीक भोकांतून घोडी एकेक काडी ओढते आणि ओढताना मामांकडं बघते. त्या बघण्यावर मामांनी पाठ फिरवून उभं राहायला शिकायला एक हंगाम घेतला.

हिरवं गवत अगदी बंद नाही, पण तेही मापात. दिवसभर उन्हात पानात साखर तयार होत जाते. दुपार कलताना ती सर्वांत जास्त असते आणि पहाटे सर्वांत कमी. म्हणून मामा पहाटे निघतात. घोडीच्या तोंडाला बैलाचं मुसकं, मुसक्याला खाली एक भोक. त्या भोकातून जेवढं येईल तेवढंच हिरवं. हे फिरणं अर्जुननगरकडं. आता अर्जुननगर म्हणजे आमच्या निपाणीला चिकटून, देवचंद कॉलेज तिथंच, खरं जिल्हा कोल्हापूर. त्यामुळं ही घोडी वाळकं कर्नाटकात खाते आणि हिरवं महाराष्ट्रात. सीमाप्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणारे आमच्याकडचे लोक हे ऐकून हसतात, मामा हसत नाहीत. “तिला इचारा की, कुठलं गोड लागतंय,” म्हणतात, “आणि ज्ये गोड लागंल त्ये बंद करा.”

हे सगळं झालं, नाटी गेली, मामांचा विजय झाला आणि पावसाळा संपेपर्यंत घोडीच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. टेपचं टोक टोकावर चढून चार बोटं पुढं गेलं. मामा घाबरले. गल्ली तर घाबरायची वाटच बघत होती. म्हातारा घोडीला उपाशी मारतोय, पेन्शन पुरत नाही, सून नीट बघत नाही, असं करत करत विषय घोडीवरून सुनेवर गेला. तुळशीचं लग्न झालं की पहिली वरात. आणि वरातीच्या घोडीला हडकुळेपण परवडत नाही. नवरदेव कसाही चालतो, घोडी भरलेली लागते.

इथं या पथ्याची खरी गोम आहे. वजन उतरवणं सोपं. साखर आणि धान्य न देता वजन पुन्हा चढवणं, तेही दाह न उठवता, हे अवघड. अमेरिकेतल्या भाच्यानं फोनवर सांगितलं, “मामा, बीटाचा चोथा द्या, साखर काढून घेतलेला, इकडं सगळे तेच देतात.” मामा उत्साहात कारखाने हिंडून आले. निपाणीचा हालसिद्धनाथ, संकेश्वरचा हिरण्यकेशी, चिकोडीचा दूधगंगा. सभोवती साखरच साखर, पण सगळी उसाची. बीट म्हटल्यावर गेटवरचा वॉचमन म्हणाला, “भाजी मंडईत बघा की.”

शेवटी इलाज निघाला तो आंबोलीच्या घाटाखालून. सावंतवाडीकडून येणारी खोबऱ्याची पेंड. तीत साखर आणि स्टार्च कमी, थोडं तेल आणि बरीच प्रथिनं. चरबीतून ताकद मिळते आणि खुराला ती बाधत नाही. ती कोमट पाण्यात भिजवून द्यायची. सोबत वाळवलेला लसूणघास, मोजका. आणि गोडेतेल, पहिल्या दिवशी दोन चमचे, मग हळूहळू वाढवत. कुठलाही बदल आठ-दहा दिवसांत पसरून करायचा. घोड्याच्या आतड्यातले जीव नव्या खाण्याला सवयीचे व्हायला वेळ घेतात. एकदम काही केलं की नाटी दारातच उभी. गोडेतेलाची किंमत बघून मामी म्हणाली, “मी भज्यात जरा तेल सोडलं तर हिशेब मागतासा.” मामांचं उत्तर तयार होतं, “भजी कुठं वरातीत चालत्यात?”

पण खरी लढाई घोडीशी नाहीच, लोकांशी आहे. घोडं बघितलं की माणसाला काहीतरी खायला द्यावंसं वाटतं, हा आपल्याकडचा मूळ स्वभाव. शेजारच्या आक्का शिळी चपाती आणतात, वर गूळ चोळून, “एकच हाय बघा.” शाळेतली पोरं केळं. संक्रांतीला तीळगूळ. आप्पाचीवाडीच्या हालसिद्धनाथाच्या यात्रेहून परतलेला माणूस खोबरं-भंडारा घेऊन येतो. भंडारा चालतो, खोबरं चालतं, त्यातून गुळाचा खडा मात्र मामा बरोबर उचलून बाजूला काढतात. प्रसादाला नाही म्हणवत नाही, म्हणून तो स्वतः खातात. पागेच्या दारावर पाटी आहे: ‘घोडीला काही देऊ नये.’ खाली कन्नडात, ‘कुदुरेगे एनू कोडबेडी.’ दोन्ही भाषांतल्या लोकांनी ती सारख्याच निष्ठेनं दुर्लक्षित केली आहे. आक्कांना मामांनी पाटी दाखवली तर आक्का म्हणाल्या, “चपाती म्हंजे काय देणं हाय व्हय?”

त्यातून मामांना एक सवय जडली आहे. येणाऱ्याच्या खिशाकडं बघायचं. आणि मानेकडं. घोड्याच्या आयाळीखाली चरबीची वळकटी घट्ट झाली की तो धोक्याचा इशारा असतो, असं डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून आम्ही भाचे पाया पडलो की मामांचा हात आमच्या मानेवर जरा जास्तच रेंगाळतो. तो आशीर्वाद असतो की तपासणी, हे अजून कुणाला कळलेलं नाही. धाकट्याला मागच्या गणपतीत त्यांनी मान चाचपून एवढंच विचारलं, “भात किती खातोस?”

मामांचं सर्वोच्च न्यायालय अंकली. चिकोडी तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीपुढं जे दोन अश्व चालतात, ते अंकलीच्या शितोळे सरकारांचे; हैबतबाबा आरफळकरांच्या काळापासूनचा हा मान. ज्येष्ठात ते अंकलीहून आळंदीला पायी निघतात, मग पालखीबरोबर पंढरपूरला. माउलींच्या अश्वावर कुणी बसत नाही. रिंगणात घोडा धावून गेला की वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. मामा दरवर्षी अंकलीला निरोप द्यायला जातात. एकदा मी बरोबर होतो. लोक एकेक करून वाकून अश्वाच्या पायाला हात लावत होते आणि उठत होते. मामा वाकले आणि उठेचनात. दोन्ही हात खुराशी, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. मागची रांग थबकली. एक आजीबाई गहिवरून म्हणाल्या, “केवढा भाव हाय बघा.” मग मामांनी डोळे उघडले, मोतद्दाराकडं बघून समाधानानं मान हलवली आणि दबल्या आवाजात विचारलं, “चंदी किती घालता? मापात हाय न्हवं?”

परतताना ते बराच वेळ गप्प होते. तवंदी घाट दिसायला लागल्यावर म्हणाले, “चालत्यात, म्हणून त्येंचं खूर चांगलं. हितं माणूस घोडीला उभी करतोय आणि परातभर चारतोय. खरं सांगू? चारणं सोपं असतंय. हात आखडायला काळीज लागतंय.” मग लगेच स्वतःच्याच गंभीरपणाची लाज वाटून त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि तीन चमचे साखरेचा चहा प्यायले. त्यांच्या स्वतःच्या रक्तातल्या साखरेचा आकडा भिंतीवर नाही. त्या विषयावर घरात कुणी बोलत नाही, कारण मामी बोलते तेव्हा मामा पागेत जातात.

डॉक्टरांनी आणखी एक माप सांगून ठेवलंय, त्यानं मात्र गावात गोंधळ उडवला. घोड्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं शक्यतो नको, खोगीर धरून. 256 चा पाचवा हिस्सा साधारण 51. मामांनी हे शब्दशः घेतलं. घोडी ठरवायला लोक आले की मामा सुपारीचं बोलायच्या आधी विचारतात, “नवरदेवाचं वजन किती?” पोराच्या बापाला वाटतं, पत्रिकेतला एखादा रकाना राहिला. एकानं अभिमानानं सांगितलं, “ब्याऐंशी, तालमीत जातो.” मामा म्हणाले, “मग तालमीतनं त्येला चालत घिऊन या.” खोगिरासकट 51 किलोत बसणारा नवरदेव निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात निघणं कठीण, इथं लग्न ठरलं की मुलाला घरोघरी केळवण चालू होतं. शेवटी मामांनी तोड काढली. घोडी सजून, झूल घालून, वरातीच्या पुढं मोकळी चालते. नवरदेव मागून मोटारीनं येतो. मांडवाच्या शेवटच्या वळणावर गाडी थांबते, नवरदेव पन्नास पावलांपुरता घोडीवर चढतो, फोटो निघतो, उतरतो. पन्नासाव्या पावलाला मामा लगाम धरून उभे असतात. एकदा एक नवरदेव फोटोग्राफरच्या सांगण्यावरून अजून पन्नास पावलं मागायला लागला. मामा म्हणाले, “अजून पन्नास पायजेल तर बायकूला घिऊन चाल. आयुष्यभर चालायचंच हाय.”

तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी टेपची दोन टोकं पुन्हा जुळली. घोडीच्या बरगड्या आता डोळ्याला दिसत नाहीत, हाताला लागतात. डॉक्टर म्हणतात, असंच पाहिजे. पण वरातीचे लोक डॉक्टर नसतात. त्यांच्या डोळ्यांत अजून जुन्या गुळाची घोडी आहे. त्यामुळं दर दोन-तीन गिऱ्हाइकांमागं एकजण शेडमध्ये शिरतो, घोडीभोवती फेरी मारतो आणि म्हणतो, “छान हाय खरं जरा बारीक वाटतीय, न्हाई?” पुढचा अर्धा तास तो गिऱ्हाईक राहत नाही, विद्यार्थी होतो. पापुद्रे, आतडं, इन्शुलिन, पिप, पेंड, पहाट, मुसकं, सगळं ऐकून, भिंतीवरचा आकडा बघून, घोडीच्या खुरावर स्वतःचा हात ठेवून झाल्यावरच त्याला सुपारी मिळते. एकाची तर त्या नादात हळदीला जायची वेळ टळली.

तेव्हा यंदा तुमच्याकडं लग्न असेल आणि घोडी ठरवायला निपाणीला गेलात, तर मामांशी दराची घासाघीस करा, तारखेवरून भांडा, झुलीचा रंग आवडला नाही म्हणून सांगा. ते सगळं ऐकून घेतील. फक्त घोडी बारीक दिसते, हे बोलू नका. आणि फारच हौस असली तर खोबऱ्याची पेंड न्या, ताजी असेल तर घेतात.